माशी, ठिपका आणि मृगजळ

'शिस्त' हा शब्द आज आपण शाळेसाठी, रांगेसाठी आणि मुलांना दटावण्यासाठी वापरतो. जुने मराठी कोश उघडून पाहावेत. तिथे या शब्दाचा अर्थ नेम असा सापडतो. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे बंदूक रोखून नेम साधणे. शब्द फारसीतून आला, आधी धनुर्धाऱ्यांकडे होता, मग बंदूकवाल्यांकडे गेला आणि शेवटी हेडमास्तरांच्या हाती लागला. नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा असतो, ज्याच्यावरून नेम धरायचा, त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. नळीवर माशी बसल्यासारखी दिसते म्हणून माशी. इतके नेमके नाव एखाद्या इंजिनिअरला सुचले नसते.

वाचकहो, दोह्यात बसून बंदुकीच्या माशीवर लेख कशासाठी, हा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. आपल्यापैकी कोणाच्याही घरात बंदूक नाही आणि या देशात ती असणे सोपेही नाही. मी स्वतः आयुष्यभर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून गॅस प्लांटमध्ये मीटर आणि अॅनलायझर सांभाळले. पण नेम धरायच्या साधनांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात बगदाद-कैरोकडचे विद्वान भेटले, पुण्याचे सायन्स कॉलेज भेटले, आणि शेवटी एक असा खटला भेटला की उन्हाळ्यात दोह्यात काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाने तो वाचावा असे वाटले. त्याची ही हकीगत.

मूळ अडचण समजून घेऊ. कॉलेजात असताना एन.सी.सी.त ज्यांनी टू-टू रायफल चालवली असेल त्यांना ती आठवेल. पालथे पडायचे, गाल लाकडी दस्त्याला टेकवायचा, मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे टार्गेट या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या. उस्ताद ओरडत असतात की हलू नका, श्वास रोखा. पण खरी अडचण श्वासाची नसते, डोळ्याची असते. खाच डोळ्यापासून वीतभर-हातभर अंतरावर, माशी दोन-अडीच फुटांवर आणि टार्गेट पंचवीस, पन्नास किंवा दोनशे मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बसतो. माशी स्पष्ट पाहिली तर टार्गेट धूसर होते, टार्गेट पाहिले तर माशी विरघळते. विशीत डोळ्याचे भिंग चपळ असते, ते भराभर मागेपुढे करून वेळ मारून नेते. चाळिशी लागली की तेही जमत नाही. ('चाळिशी लागणे' हा चष्म्यासाठीचा वाक्प्रचार ज्याने काढला त्याला नेत्रवैद्यकाची मानद पदवी द्यायला हवी.)

या अडचणीवरचा सर्वांत जुना उपाय आपल्या शहरातच पाहायला मिळतो. कॉर्निशवरच्या इस्लामी कला संग्रहालयात, म्हणजे आय. एम. पै यांनी बांधलेल्या आणि २००८ मध्ये उघडलेल्या त्या पांढऱ्या इमारतीत, पितळी अॅस्ट्रोलेब मांडलेले आहेत. पाहुण्यांना घेऊन आपण तिथे अनेकदा जातो, नक्षीकाम पाहतो आणि पुढे सरकतो. पुढच्या वेळी मागच्या बाजूची फिरती पट्टी पाहावी. अरबीत तिला 'इदादा' म्हणतात, त्यावरूनच युरोपात 'अॅलिडेड' झाले. तिच्या दोन टोकांना दोन उभे पातळ पत्रे असतात आणि प्रत्येकात बारीक छिद्र असते. दोन्ही छिद्रांतून तारा दिसला की पट्टी ताऱ्यावर रोखली गेली. सूर्याकडे अर्थातच पाहायचे नाही. एका छिद्रातून आलेला कवडसा दुसऱ्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची.

छिद्रातून पाहिले की जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. चष्मा घरी राहिलेल्या माणसाने मुठीला बारीक भोक ठेवून त्यातून पाहावे, पाटी वाचता येते. यामागचे प्रकाशाचे शास्त्र ज्याने मुळापासून मांडले तो इब्न अल-हैथम बसऱ्याचा, म्हणजे आपल्या याच आखाताच्या माथ्यावरचा. सुमारे ९६५ साली जन्मला, कैरोत वारला. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला शिवतात ही ग्रीकांची कल्पना त्याने मोडून काढली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्याने अंधाऱ्या खोलीतल्या छिद्राचे प्रयोग करून दाखवले. पुढे ऑलिंपिकच्या रायफलवर जी 'पीप साइट' बसली तिचे कूळ हे असे आहे.

आखातात रायफली आल्या त्या मात्र साध्या खाच आणि माशीच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मस्कतमार्गे मार्टिनी-हेन्रीसारख्या रायफलींचा मोठा व्यापार चाले. त्यातला बराच माल इराणचा किनारा ओलांडून अफगाण सरहद्दीवर जाई आणि तिथून हिंदी सैन्यावरच रोखला जाई, त्यामुळे इंग्रजांचे धाबे दणाणले होते. १८७३ पर्यंत बुशहरची ब्रिटिश रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती, म्हणजे या किनाऱ्याची फाइल मुंबईच्या टेबलावर येत असे. ३ नोव्हेंबर १९१६ रोजी शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी इंग्रजांशी जो तह केला, त्यातही शस्त्रांच्या व्यापाराला आळा घालण्याचे कलम होते. ज्यांना जुनी कागदपत्रे चाळायची हौस आहे त्यांनी कतार डिजिटल लायब्ररीत शिरावे, दोन-तीन शुक्रवार सहज निघून जातात.

आता पुण्याकडे वळतो, कारण माझ्या मते या कथेतला सर्वांत रंजक धागा तिथेच आहे.

१८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (पुढचे आपले सी.ओ.ई.पी.) एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, सरकारने भर घातली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने ती नावारूपाला आणली. पुढे तिथे २० इंची परावर्ती दुर्बीण बसली. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण मानली जाई. तिची जडणघडण झाली होती आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. सी.ओ.ई.पी.त शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, मला शंका आहे. आमच्या मंडळातल्या तिघा-चौघांना विचारले, त्यांना बोट क्लब पाठ होता, वेधशाळा नव्हती.

तर हे डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब. आयुष्य दुर्बिणी घडवण्यात गेलेला माणूस. १९०० साली त्यांनी बंदुकीच्या नेमासाठी एक युक्ती शोधून पेटंट घेतले. युक्ती अशी. बंदुकीवर एक तिरपी काच बसवायची. एक उजळलेले लहानसे चिन्ह भिंगाच्या किंवा अंतर्वक्र आरशाच्या बरोबर केंद्रबिंदूवर ठेवायचे. केंद्रबिंदूवरून निघालेले किरण परतताना एकमेकांना समांतर होतात. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने अनंत अंतरावरून आलेला प्रकाश. त्यामुळे काचेतून पाहणाऱ्याला ते चिन्ह बंदुकीवर दिसत नाही, ते पार लांब, टार्गेटच्याच अंतरावर टांगलेले दिसते! डोळ्याला दोन अंतरांत धावपळ करावी लागत नाही. शिवाय डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी चिन्ह टार्गेटवरून सहसा ढळत नाही, कारण समांतर किरण कुठूनही पाहिले तरी त्याच दिशेने येतात. तीन गोष्टी एका रेषेत आणण्याऐवजी आता दोनच जुळवायच्या.

आपल्यापैकी ज्यांनी मुलांसाठी दुर्बीण घेतली आहे आणि हिवाळ्यात सीलाइनकडच्या वाळूत ती मांडली आहे, त्यांच्या दुर्बिणीवर एक छोटा 'रेड डॉट फाइंडर' असतो. शनी शोधताना मुले जो लाल ठिपका ग्रहावर नेतात तो ग्रब यांचाच. खगोलशास्त्रातून बंदुकीकडे गेलेली कल्पना शंभर वर्षांनी पुन्हा आकाशाकडे परतली, हे मला फार आवडते.

ग्रब यांच्या कल्पनेत एकच उणीव होती, ती दिव्याची. १९०० साली बंदुकीवर बसेल असा छोटा, मंद न होणारा, धक्का सोसणारा दिवा कुठून आणणार? त्यामुळे ही काच आधी विमानांवर गेली, कारण तिथे वीज होती आणि जागाही होती. १९१८ मध्ये जर्मनांनी आपल्या लढाऊ विमानांवर अशा साइट वापरून पाहिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरपासून मेसरश्मिटपर्यंत सर्वांच्या वैमानिकासमोर ती तिरपी काच होती. रायफलीसाठी मध्ये एक ब्रिटिश तोडगा निघाला होता, 'सिंगलपॉइंट' नावाचा. त्यातून पलीकडचे काहीच दिसत नसे. एका डोळ्याला फक्त ठिपका दिसे, दुसऱ्याला फक्त टार्गेट, आणि मेंदू दोन्ही चित्रे एकावर एक ठेवी. नोव्हेंबर १९७० मध्ये व्हिएतनाममधल्या सोन ताय छाप्यात अमेरिकन तुकडीने तो वापरला होता.

दिव्याचा प्रश्न सुटला तो १९६२ साली. निक होलोनियाक यांनी त्या वर्षी दिसेल असा लाल प्रकाश देणारा एल.ई.डी. बनवला. योगायोग पाहा, त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपात्निक्स यांनी होलोग्राफीची नवी पद्धत प्रसिद्ध केली. होलोग्राफीची मूळ कल्पना डेनिस गॅबर यांची, १९४७ ची. त्याबद्दल त्यांना १९७१ मध्ये नोबेल मिळाले. गॅबर हंगेरीतून इंग्लंडला आलेले, उपात्निक्स लाटव्हियातून अमेरिकेत आलेले. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांनी या दोन नावांपाशी क्षणभर थांबायला हरकत नाही. पण मुद्दा असा की, आज ज्या दोन साइटची दुकानात आणि मासिकांत तुलना चालते, त्या दोघींचे बीज एकाच वर्षी पेरले गेले.

एल.ई.डी.चा वापर स्वीडनमध्ये झाला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली. गिऱ्हाईक होते मूस नावाच्या प्रचंड सांबराचे शिकारी. झाडीतून ते जनावर धावत जाते, एक-दोन सेकंद मिळतात, दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका टाकायचा. लष्कराला ही गोष्ट पटायला वीस वर्षे लागली. १९९७ मध्ये अमेरिकन लष्कराने तिची मोठी ऑर्डर दिली आणि मग जगभर चलन झाले.

होलोग्राफीवाल्यांनी दुसरी वाट धरली. मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून पुढे जी पर्यावरण संशोधन संस्था निघाली, तिची उपकंपनी म्हणून १९९५ मध्ये अॅन आर्बरला इओटेक उभी राहिली आणि १९९६ मध्ये बुशनेलच्या नावाने पहिली होलोग्राफिक साइट विक्रीस आली. हिच्यात आरशावर ठिपका पडत नाही. समोरच्या काचेत एक होलोग्राम कोंडलेला असतो, म्हणजे लांबवर ठेवलेल्या वर्तुळाच्या आणि ठिपक्याच्या प्रकाशाची जणू नोंद. बारीक लेसर त्यावर पडला की ते वर्तुळ पुन्हा लांबवर उभे राहते. काच अर्धी फुटली, चिखलाने माखली, तरी उरलेल्या तुकड्यात पूर्ण चित्र दिसते, कारण होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात सगळे चित्र असते. मधला ठिपकाही बारीक, एक मिनिट कोनाचा, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर. ज्यांच्या डोळ्यांत अॅस्टिग्मॅटिझम आहे त्यांना एल.ई.डी.चा ठिपका शेपटी फुटल्यासारखा, स्वल्पविरामासारखा दिसतो. होलोग्राममध्ये तो त्रास पुष्कळांना कमी वाटतो. पुढे भिंग लावून चित्र मोठे केले तर एल.ई.डी.चा ठिपकाही फुगतो, होलोग्राममधला मात्र बारीकच राहतो.

इतके गुण असताना ती सरस ठरायला हवी होती. बॅटरी ही तिची पहिली लंगडी बाजू. लेसर खादाड असतो. होलोग्राफिक साइट एका बॅटरीवर साधारण ६०० ते १००० तास चालते. लाल ठिपक्याच्या चांगल्या साइट ५०,००० तास चालतात, म्हणजे पाच वर्षांहून अधिक, न बंद करता! पहाऱ्यावरच्या शिपायाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एक साइट लावून विसरता येते. दुसरी काही तासांनी आपोआप बंद होते आणि ऐन वेळी बटण दाबावे लागते.

पण माझे लक्ष वेधले ते लेसरने. आमच्या प्लांटमध्ये गॅसमधली आर्द्रता मोजायला डायोड लेसरचे अॅनलायझर होते. त्यांचे सगळे तंत्रच या गोष्टीवर चालते की, डायोडचे तापमान बदलले की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. आम्ही मुद्दाम तापमान हलवून तरंगलांबी हलवायचो. लाल डायोड लेसरमध्ये हा बदल अंशामागे साधारण ०.२ नॅनोमीटर असतो. आता सकाळच्या २० अंशांत शून्यावर आणलेली साइट दोह्याच्या जुलैच्या उन्हात काळ्या धातूवर ५० अंशांना पोचली असे धरा. तरंगलांबी ६ नॅनोमीटरने सरकली. ६५० मध्ये ६ म्हणजे जेमतेम एक टक्का, काय बिघडले? आरशाचे काहीच बिघडत नाही. आरसा लाल, हिरवा, निळा सर्वांना एकाच कोनात परतवतो. (पुण्याची दुर्बीण आरशाची असण्याचे हेही एक कारण.) एल.ई.डी. तापला तर ठिपका मंद होईल, छटा बदलेल, पण प्रकाश रंगानुसार दुसऱ्या कोनात जाणार नाही. होलोग्रामचे तसे नाही. होलोग्राम म्हणजे अतिसूक्ष्म रेषांची जाळी, आणि जाळी प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात वळवते. ४५ अंशांच्या साध्या रचनेत ६ नॅनोमीटरचा बदल १०० मीटरवर सुमारे ९० सेंटिमीटरचा फरक पाडेल. नेम छातीवर धरला तर गोळी माणसाच्या बाहेरून जाईल, किंवा शेजाऱ्याला लागेल.

शोधकांना हे अर्थातच ठाऊक होते. त्यांनी वाटेत दुसरी जाळी घातली. पहिली जेवढी चूक करते तेवढीच उलटी चूक दुसरी करते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. कागदावर हिशेब शून्य येतो, आणि रचना खरोखरच सुंदर आहे. पण जाळ्या आणि आरसे कशावर तरी चिकटवलेले असतात. प्लास्टिक फुगते, गोंद सैल होतो, बाहेरची दमट हवा आत शिरते. आखातात ज्याने एकही ट्रान्समीटर बसवला आहे त्याला हे सांगायला नको.

नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात अमेरिकन सरकारने इओटेक आणि तिची तत्कालीन मालक कंपनी एल-३ कम्युनिकेशन्स यांच्याविरुद्ध दावा मांडला. सरकारी वकील होते प्रीत भरारा, फिरोजपूरला जन्मलेले. दाव्याचा आशय असा: कंपनीने सांगितले होते की साइट कडाक्याच्या थंडीत, तीव्र उष्णतेत आणि दमट हवेत बिनचूक चालते. प्रत्यक्षात तापमान बदलले की नेमाचा बिंदू सरकत होता, दमटपणाने चित्र फिके पडत होते, आणि हे कंपनीला वर्षानुवर्षे ठाऊक होते. तरीही सैन्याला, अंतर्गत सुरक्षा खात्याला, एफ.बी.आय.ला साइट विकल्या जात राहिल्या. २०१५ च्या मार्चमध्ये एफ.बी.आय.ने स्वतः चाचणी घेऊन दोष कंपनीपुढे ठेवला, त्यानंतर कबुलीजबाब सुरू झाले. दावा दाखल झाला त्याच वेळी तडजोड झाली, कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर भरले. खासगी गिऱ्हाइकांनाही साइट परत घेऊन पैसे देण्याची योजना निघाली. २०२० मध्ये एल-३हॅरिसने इओटेक विकून टाकली. साइट आजही बनतात, सुधारल्या आहेत आणि पुष्कळ सैनिक त्यांची तारीफ करतात.

मला यातला तांत्रिक दोष क्षम्य वाटतो. तापमानाने सरकणार नाही असे उपकरण मी पाहिलेले नाही. प्रत्येक मीटरच्या कागदावर आम्ही लिहितो: अमुक अंशांमागे अमुक टक्के फरक. तो आकडा लिहिला की वापरणारा त्याप्रमाणे वागतो, उन्हात गेल्यावर पुन्हा शून्य तपासतो, लांबचा नेम टाळतो. आकडा लपवला की त्या शिपायाला काहीच करता येत नाही. चाचणीचा कागद कारखान्यात राहतो, साइट कंदहारला जाते आणि गोळी बाजूला का गेली याचा दोष तो स्वतःच्या हाताला देत बसतो.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर २६ नोव्हेंबर २००८ आठवावे. त्या रात्री आपण सर्व जण इथे दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. सी.एस.टी.वर पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होत्या, तीच खाच आणि तीच माशी. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांच्या हातात तर लाठीच होती. पुढे राम प्रधान समितीने अहवाल दिला, त्यात सरावासाठी दारूगोळ्याचा तुटवडा होता ही नोंद आली. माझ्या मते ती नोंद कोणत्याही नव्या साइटपेक्षा महत्त्वाची आहे. लाल ठिपका सरावाची बचत करतो असे विक्रेते सांगतात. तो शिकण्याचा वेळ वाचवतो हे खरे, पण ट्रिगर दाबताना बोट झटका देत असेल तर ठिपका तो झटका फक्त अधिक स्पष्ट दाखवतो.

आपल्याकडे पुण्याच्या पाषाण भागातल्या ए.आर.डी.ई.ने इन्सास रायफल घडवली, ती नव्वदच्या दशकात सैन्यात आली, तीही माशीचीच. विशेष दलांनी पुढे इस्रायली टॅव्होर घेतल्या, त्यांच्यावर मेप्रो एम-२१ साइट आली. तिला बॅटरीच नाही! दिवसा बाहेरचा उजेड तंतूतून गोळा करून ठिपका पेटतो, रात्री ट्रिटियमचा मंद प्रकाश असतो. उन्हात ठिपका आपोआप तेजस्वी होतो, ही कल्पना आखातासाठीच काढल्यासारखी. पण अंधाऱ्या खोलीतून बाहेरच्या उन्हात नेम धरला की ठिपका हरवतो, कारण तो खोलीच्या उजेडावर पेटलेला असतो.

आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांचा भाचा महाराष्ट्र पोलिसांत आहे. मागे त्याने फोनवर मामांना विचारले आणि मामांनी फोन माझ्याकडे दिला. "काका, लाल ठिपका चांगला की होलोग्राफिक?" मी त्याला उलट विचारले, किती तास उन्हात असतोस? तो म्हणाला, "मोजत नाही." मग मी म्हटले की निवड तुझ्या हाती असेल तर आरशाची घे, ठिपका चालूच ठेव, बॅटरी वाढदिवसाला बदल, जुनी माशी काढून टाकू नकोस. आणि जी काही मिळेल तिचा नेम सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा कागदावर तपास, फरक वहीत लिही. त्याने हसून विचारले की गोळ्या कोण देणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता लुसैल. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेसाठी सजलेले हे शूटिंग संकुल. त्या डिसेंबरात अंगात ताप असताना जसपाल राणाने इथे पिस्तुलाची तीन सुवर्णपदके घेतली, ते पाहायला गेलेली मंडळी अजून त्या गोष्टी सांगतात. २०१९ च्या नोव्हेंबरात इथेच आशियाई नेमबाजी स्पर्धा झाली आणि कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर थ्री पोझिशन रायफलच्या रेषेवर उतरली.

तिच्या रायफलवर ना लाल ठिपका होता ना होलोग्राम. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धेत साइटमध्ये भिंग चालतच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडी आणि लांब काळे वर्तुळ. कडीच्या आत वर्तुळ मधोमध आणायचे, चारी बाजूंना पांढरी फट सारखी. अनेकांना वाटते की हा जुनाट नियम केवळ परंपरेसाठी ठेवला आहे. जरा हिशेब करू. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. दोन मिनिटांचा नेहमीचा लाल ठिपका त्या अंतरावर २९ मिलिमीटर जागा झाकतो. म्हणजे जे मारायचे तेच ठिपक्याखाली गडप. झटपट आणि पुरेशा नेमासाठी ठिपका, सावकाश आणि बिनचूक नेमासाठी छिद्र. दोन वर्तुळे एकात एक मधोमध आहेत की नाहीत हे ओळखण्यात माणसाचा डोळा कुठल्याही लेसरइतका चोखंदळ आहे, रांगोळीची कणी जराशी सरकली तरी घरातल्या आजीला कळते तसा.

आणि छिद्राला बॅटरी नाही, तापमानाचा गुणांक जवळजवळ नाही. राहते ते मृगजळ. नेमबाज त्याला इंग्रजीत 'मिराज' म्हणतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा टार्गेटचे चित्र थरथरवते आणि वाऱ्याबरोबर बाजूला ढकलते. ते साइटच्या पुढे घडते, त्यामुळे साइट कोणतीही असो, उपाय नाही. थरथर कोणत्या दिशेला वाहते आहे ते वाचायचे, झेंड्या पाहायच्या आणि थांबायचे. या स्पर्धा इथे नोव्हेंबर ते जानेवारीत का होतात हे वेगळे सांगायला नको.

तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती, ६०० पैकी ५९७ गुण, विश्वविक्रमाशी बरोबरी. पण महिलांची प्रोन स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही. ऑलिंपिकला जायचे तर गुडघ्यावर बसून आणि उभे राहूनही मारायला हवे होते. बीजिंग, लंडन आणि रिओ, तिन्ही वेळा ती यादीबाहेर राहिली. लुसैलला पात्रता फेरीत तिने ११७१ गुण केले आणि पाचवी येऊन अंतिम फेरीत शिरली. अंतिम फेरीत ४३५.८ गुणांवर ती चौथी आली. पदक हुकले, पण टोकियोचा कोटा मिळाला. तेव्हा ती ३९ वर्षांची होती. महामारीमुळे टोकियोची स्पर्धा वर्षभर लांबली आणि जुलै २०२१ मध्ये आपल्या पहिल्या ऑलिंपिकच्या रेषेवर ती उभी राहिली तेव्हा चाळिशीत शिरलेली होती. तिथे अंतिम फेरी गाठता आली नाही. तीन वर्षांनी पॅरिसला याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले, छिद्र, कडी आणि काळे वर्तुळ एवढ्याच सामग्रीवर.